बांध बिनपिकाचा नसतो

मागच्या हिवाळ्यात पुण्याहून आलेल्या मावसभावानं आमच्या उसाच्या बांधावर वाकून एका रोपट्याचा फोटो काढला. जमिनीला चिकटून पसरलेली दातेरी पानं, मधून उठलेला देठ, त्यावर पिवळं फूल. झाडं ओळखणाऱ्या एका ॲपनं दोन सेकंदांत निकाल दिला: डँडेलियन. खाली लगेच दुसरी ओळ होती, 'हे तण कसं घालवाल?'

ती पाथरी होती. ॲप चुकलं, पण फार लांब गेलं नाही. डँडेलियन आणि पाथरी दोन्ही सूर्यफुलाच्या कुळातल्या, त्यातही जवळच्या नात्यातल्या. दोघींचं पान तोडलं की पांढरा चीक येतो, दोघींचं बी म्हातारीसारखं वाऱ्यावर उडतं. दोघी माणूसही खातो आणि जनावरही खातं. आमच्याकडं कोवळी पाथरी भाकरीबरोबर कच्ची खातात, आणि दुभत्या म्हशीपुढं टाकली की दूध वाढतं असं घरोघरी मानतात.

नाव चुकलं याचा मला राग आला नाही. राग आला तो दुसऱ्या ओळीचा. रोपाची ओळख पटायच्या आत त्याला मारायचं कसं, हे सांगायची ही घाई कुठून आली? ॲपला दोष देऊन भागणार नाही. तीच घाई आपल्या कृषी सेवा केंद्रांत आहे, 'तणमुक्त शेती'च्या रील्समध्ये आहे, आणि काही वर्षांपूर्वी ती माझ्याही हातात होती. त्या गोष्टीकडं येतोच. आधी डँडेलियनचं बघू, कारण आपल्या बांधावर आज जे चाललंय ते तिच्या बाबतीत ऐंशी वर्षांपूर्वीच होऊन गेलंय.

युरोप-अमेरिकेतल्या कुरणांत वसंत आला की डँडेलियनचा पिवळा सडा पडतो. गायी ती आवडीनं खातात. पानांत प्रथिनं चांगली, खनिजं भरपूर, आणि सोटमूळ खोल जात असल्यानं वरवरच्या मुळांच्या गवताला न मिळणारं पाणी आणि क्षार ती वर ओढते. फ्रेंच लोक तिच्या कोवळ्या पानांचं सॅलड करतात आणि तिला 'अंथरूण ओलं करणारी' म्हणतात, कारण ती लघवी वाढवते. एवढं सगळं असून ती जगातल्या सगळ्यात बदनाम तणांपैकी एक आहे.

बदनामीला कारणं आहेत, ती लपवायची गरज नाही. डँडेलियनची पानं जमिनीलगत पसरतात, त्यामुळं गवत कापायच्या यंत्राखाली ती पुरेशी सापडत नाहीत. कापलीच तर गवतापेक्षा सावकाश सुकतात, आणि ओलसर राहिलेल्या वैरणीला बुरशी धरते. ल्युसर्नच्या, म्हणजे आपल्या लसूणघासाच्या, रानात ती जागा अडवते. म्हणजे जो शेतकरी कापून, सुकवून, गठ्ठे बांधून विकतो त्याला ती नडते. जो गायी थेट कुरणात सोडतो त्याच्यासाठी ती फुकटचा खुराक आहे. रोप एकच. तण की चारा हे ठरतं ते जनावर आणि यंत्र यांपैकी पुढं कोण उभं आहे यावर.

मग दुसऱ्या महायुद्धाच्या काळात ब्रिटन-अमेरिकेत टू-फोर-डी नावाचं रसायन शोधलं गेलं आणि १९४५ च्या सुमारास अमेरिकेत बाजारात आलं. हे गवताला हात लावत नाही, रुंद पानांच्या वनस्पती मारतं. डँडेलियन मारायला यासारखी सोय नव्हती. पण रुंद पानांचं आणखी एक रोप त्या कुरणांत आणि हिरवळींत होतं, पांढरं क्लोव्हर. ते द्विदल, मुळांवरच्या गाठींत हवेतला नत्र साठवणारं, जनावरांना उत्तम. हिरवळीसाठी गवताच्या बियाण्यात लोक ते मुद्दाम मिसळायचे. टू-फोर-डी क्लोव्हर आणि डँडेलियनमध्ये फरक करत नाही. ते औषध हिरवळीवर फवारलं की क्लोव्हरही मरतं. औषध तर विकायचंच होतं. मग हळूहळू क्लोव्हरचंही नाव तणांच्या यादीत गेलं.

हे मला फार महत्त्वाचं वाटतं. आधी तण ठरलं आणि मग त्यावर औषध आलं, असा क्रम आपण धरून चालतो. क्लोव्हरच्या बाबतीत औषध आधी आलं. ते जे जे मारतं ते तण, हे नंतर ठरलं.

आता आमच्या बांधावर या. आमचं गाव कराडच्या खाली, कृष्णाकाठी. सगळा ऊस. उसात आणि बांधावर जे आपोआप उगवतं त्याची नावं माझ्या आईला तोंडपाठ आहेत: हरळी, केना, लव्हाळा, कुंजरा, माठ, घोळ, पाथरी, मारवेल, शिप्पी. बायका भांगलायला यायच्या तेव्हा विळा-खुरप्याबरोबर एक रिकामं पटकूर आणायच्या. दिवसभर भांगललेलं तण सरीच्या कडेला ढिगानं पडायचं. सुट्टी झाली की त्यातलं खाण्याजोगं वेचायचं, कमी पडलं तर बांधावरचं कापायचं, भारा बांधायचा आणि डोक्यावर घेऊन घरी जायचं. हजेरी वेगळी आणि भारा वेगळा. भारा कुणी मजुरीत धरायचं नाही, पण तो न्यायला कुणी नाही म्हणायचं नाही. आमच्याकडं वीस वर्षं भांगलायला येणाऱ्या एक आक्का होत्या. त्यांना गुंठाभरही जमीन नाही. तरी त्यांच्या दारात एक म्हैस आणि चार शेळ्या होत्या, त्या या भाऱ्यावर.

मी शिकून गावी परत आलो त्या वर्षी शेती 'नीट' करायचं मनावर घेतलं होतं. फोनवर रोज व्हिडिओ बघत होतो. उसात ॲट्राझिन आणि टू-फोर-डी मारलं, बांधावर ग्लायफोसेट मारलं. आठ-दहा दिवसांत बांध पिवळा पडला, मग तांबूस. मी फोटो काढून स्टेटसला ठेवला. दुसऱ्या दिवशी आक्का विळा घेऊन आल्या आणि बांधाच्या तोंडाशीच थांबल्या.

"बांध जाळलास व्हय रं?"

"आक्का, गवत लई माजलं हुतं."

"माजलं हुतं म्हणूनच आल्ते की मी."

एवढंच बोलून त्या गेल्या. भांडल्या असत्या तर बरं झालं असतं, मला उत्तरं देता आली असती. दिवाळीच्या आत त्यांनी दोन शेळ्या विकल्या. माझ्या एकट्यामुळं नाही, त्या वर्षी आसपासच्या बऱ्याच बांधांची तीच गत होती. पण त्यातला एक बांध माझा होता.

ग्लायफोसेटला आपल्या देशात मंजुरी आहे ती चहाच्या मळ्यांसाठी आणि बिनपिकाच्या जागांसाठी. ऑक्टोबर २०२२ मध्ये केंद्र सरकारनं आणखी एक अट घातली: ते फक्त परवानाधारक कीडनियंत्रण व्यावसायिकांनीच वापरायचं. ही अट गावात किती पाळली जाते, हे तुम्ही कुठल्याही दुकानासमोर तासभर उभं राहून बघा. पण माझा मुद्दा कायदा मोडण्याचा नाही. मुद्दा 'बिनपिकाची जागा' या शब्दांचा आहे. बांध, ओढ्याचा काठ, रस्त्याची कड, गायरान, पडीक रान या सगळ्या जागांना कागदावर हा एकच शिक्का बसतो. पण आक्कांचं पीक तिथंच होतं. ते पेरलेलं नव्हतं, त्याची सातबाऱ्यावर नोंद नव्हती, त्याला विमा नव्हता. तरी त्याची रोज कापणी होत होती आणि त्याचं दूध रोज डेअरीच्या किटलीत पडत होतं.

आकडे मांडू. मोठ्या दुभत्या जनावराला दिवसाला साधारण २० ते २५ किलो हिरवा चारा लागतो, शेळीला ३ ते ४ किलो. डोईवरचा बरा भारा २० किलोंचा धरला तर एका भाऱ्यात एक म्हैस कशीबशी भागते किंवा पाच-सहा शेळ्या पोटभर खातात. हा भारा बंद झाला की तेवढीच वैरण विकत घ्यावी लागते, आणि जमीन नसलेल्या घराला विकतच्या वैरणीवर जनावर परवडत नाही. २०१९ च्या पशुगणनेत देशात जवळपास १४ कोटी ८९ लाख शेळ्या मोजल्या गेल्या. देशातल्या लागवडीच्या क्षेत्रापैकी चारापिकांखाली जेमतेम ४-५ टक्के क्षेत्र आहे, आणि त्यातलं शेळीच्या वाट्याला काय येणार? बहुतेक शेळ्या जगतात त्या आपण ज्याला तण म्हणतो त्यावर.

आमच्या ऊसपट्ट्यात तर आणखी एक गोष्ट आहे. तोडणी सुरू झाली की गावभर उसाचं वाढं स्वस्त होतं, तोडकरी मोळ्या विकतात, आणि जनावरांपुढं महिनोन् महिने तेच पडतं. वाढ्यात ऑक्झॅलेट असतं, ते शरीरातला कॅल्शियम बांधून ठेवतं. म्हणून पशुवैद्य वाढ्यावर चुन्याची निवळी शिंपडायला सांगतात. रुंद पानांच्या रानवनस्पतींत गवतवर्गीय चाऱ्यापेक्षा कॅल्शियम साधारणपणे जास्त असतो. आमच्या आज्या वाढ्याबरोबर मूठभर पाथरी-केना का टाकायच्या, याचं त्यांच्याकडं रासायनिक स्पष्टीकरण नव्हतं, पण सवय शहाणी होती. आपण आधी ती मूठ फवारून मारतो आणि मग दुकानातून खनिज मिश्रणाची पिशवी आणतो. कधीकधी दोन्ही एकाच दुकानातून.

आता मला येणार असलेली उत्तरं मीच मांडतो, कारण ती खोटी नाहीत.

पहिलं: मजूर मिळत नाहीत. खरं आहे. विदर्भात कापसाच्या निंदणीचा खर्च आणि माणसांची टंचाई एवढी बोचते की तणनाशक सहन करणारं एचटीबीटी बियाणं मंजूर नसताना शेतकरी संघटनेच्या शेतकऱ्यांनी जून २०१९ मध्ये अकोला जिल्ह्यातल्या अकोली जहांगीरला ते उघडपणे पेरलं. हौसेनं कुणी कायदा मोडत नाही.

दुसरं: भांगलण म्हणजे काव्य नाही. दिवसभर उकिडवं बसून, उसाच्या पातीनं हात चिरत, पाठ मोडून केलेलं ते काम आहे, ते बहुतेक बायकाच करतात आणि पुरुषांपेक्षा कमी हजेरीवर करतात. 'पूर्वी किती छान होतं' असं मी म्हणणार नाही. आक्कांचे गुडघे मी बघितलेत.

तिसरं: तणानं उत्पन्न घटतं. घटतं. 'तण खाई धन' ही म्हण उगाच पडलेली नाही. ऊस लावल्यापासून पहिले तीन-चार महिने तण वाढू दिलं तर ऊस मागं पडतो, मग कितीही खत घाला.

चौथं: सगळं तण चारा नसतं. नसतंच. १९५० च्या दशकात पुण्यात पहिल्यांदा नोंदलेलं गाजरगवत आज राज्यभर पसरलंय. जनावरानं ते खाल्लं तर दूध कडवट होतं, माणसाच्या अंगाला लागलं तर खाज सुटते. घाणेरी खाऊन जनावरांचं यकृत बिघडतं. धोतरा विषारी आहे. यांच्याबद्दल मला कसलाही उमाळा नाही, उपटा आणि जाळा. पण मग हेही लक्षात ठेवा की कोवळी ज्वारी जास्त खाल्ली तर गाय तासाभरात दगावू शकते, आणि ज्वारीला आपण तण म्हणत नाही.

ही चारही उत्तरं मान्य केल्यावर काय उरतं? पिकाच्या सरीत, पहिल्या तीन-चार महिन्यांत, माणूस मिळत नसताना केलेली फवारणी उरते. तिच्यावर मी या लेखात बोट ठेवत नाही. पण बांधावरच्या फवारणीला यातलं कुठलंच उत्तर लागू होत नाही. बांधावरचं गवत भांगलायला मजूर लावावे लागत नाहीत, न्यायला माणसं आपणहून येतात. तिथं कुणाची पाठ बळजबरीनं मोडत नाही. बांधावरचं गवत वेळेवर कापलं गेलं तर त्याचं बीही सरीत फारसं येत नाही. उलट मुळासकट हरळी मारलेला बांध पुढच्या पावसात ढासळतो. माझा ढासळला. दोन ठिकाणी माती सरीत आली आणि ती परत चढवायला मी दोन दिवसांची मजुरी दिली.

मग आपण बांध का फवारतो? मला माझंच उत्तर माहीत आहे. दिसायला. स्वच्छ बांध म्हणजे हुशार शेतकरी. व्हिडिओत तसाच दिसतो. ड्रोनमधून खाली हिरवेगार चौकोन आणि मधे तपकिरी रेघा. त्या रेघांवर कुणाची तरी म्हैस जगत होती, हे ड्रोनमधून दिसत नाही.

आणखी एका गोष्टीचं हसू येतं. दर ऑगस्टमध्ये कृषी विभाग रानभाजी महोत्सव भरवतो. पाथरी, घोळ, तांदुळजा, कुर्डू यांच्या जुड्या टेबलावर मांडतात, पाहुणे फोटो काढतात, आपण शहरातली मुलं 'सुपरफूड' लिहून शेअर करतो. यातल्या बऱ्याच वनस्पती पीकसंरक्षणाच्या माहितीपत्रकांत तणांच्या यादीत सापडतील, समोर औषधाची मात्रा लिहिलेली. ताटात आली की वारसा आणि शेतात दिसली की शत्रू! महोत्सवाला माझा विरोध नाही. पण ज्या बाईला या भाज्या ओळखता येतात तिला आपण स्टॉलवर उभं करतो आणि तिचा बांध मात्र फवारून टाकतो, ही चूक आहे. तिचं ज्ञान त्या बांधावरच तयार झालंय. बांध नसेल तर पुढच्या पिढीला पाथरी ॲपवरच बघायला मिळेल, तीसुद्धा डँडेलियन म्हणून.

तक्रार करून थांबायचं नाही, म्हणून मागण्या लिहितो. मोठ्या नाहीत.

बांध, ओढ्याचा काठ आणि गायरान फवारायचं नाही. ग्रामसभेत ठराव करता येतो, आणि ठराव नसला तरी आपल्यापुरतं ठरवता येतं.

सरीत फवारलंच तर सांगायचं. काल संध्याकाळी फवारलेलं गवत आज सकाळी हिरवंच दिसतं, कापणाऱ्या बाईला कळायचा मार्ग नसतो. औषधाच्या माहितीपत्रकात बारीक अक्षरात काय लिहिलंय ते तिच्यापर्यंत पोचत नाही. बांधाच्या तोंडाशी काठीला लाल फडकं बांधायला काय लागतं? गल्लीत एक फोन करायला काय लागतं?

कृषी विद्यापीठांनी तणांच्या प्रत्येक यादीत आणखी एक रकाना घालावा: 'जनावर खातं का?' खात असेल तर कोणतं, कोवळं की जून, किती. एवढ्या एका रकान्यानं अर्धी भांडणं मिटतील, कारण मग मारायच्या आधी कापता येईल का, हा प्रश्न तरी पडेल.

आणि ज्यांच्याकडं जमीन आहे त्या माझ्यासारख्यांनी भाऱ्याला उपकार म्हणणं बंद करावं. वीस वर्षं बायकांनी आमचे बांध फुकट साफ ठेवले. हिशेब करायचाच तर देणं आमच्याकडं निघतं.

गेली दोन वर्षं मी बांध फवारलेला नाही. पहिल्या वर्षी गाजरगवतच जास्त आलं, मोकळी जागा ते आधी धरतं, ते हातानं उपटलं. दुसऱ्या पावसाळ्यात हरळी परतली, मग केना, आणि थंडीत पाथरी. मावसभावानं फोटो काढला तो त्यातल्याच एका रोपाचा. मी आक्कांकडं जाऊन सांगितलं की बांधावर गवत आहे, औषध मारलेलं नाही, या. त्या बऱ्या बोलल्या, चहा दिला. म्हैस गेल्या उन्हाळ्यात विकली म्हणाल्या. एक शेळी राहिलीय, तिला परसातलंच पुरतं. गुडघेही आता चालू देत नाहीत.

म्हणजे बांध दुरुस्त झाला आणि तो ज्यांच्यासाठी दुरुस्त करायचा होता त्यांचं जनावर उरलं नाही. हे मी स्वतःला शिक्षा म्हणून लिहीत नाही. अजून ज्यांच्या दारात जनावर आहे अशा बायका तुमच्या गावात असतील, तुमच्या घराच्या बांधावर येत असतील. तुम्ही शहरात असाल आणि शेत वडील किंवा काका बघत असतील, तर या पावसाळ्यात फोन कराल तेव्हा ऊस कसा आहे हे विचाराच, पण बांध फवारलाय का हेही विचारा. 'तिथं काय पिकतंय म्हणून विचारतोस?' असं ते म्हणाले, तर काय पिकतं ते सांगा.